पैकीच्या पैकी, आणि तरी चूक

‘बाई, नमस्कार. मी वडोदऱ्याच्या वाडी भागात राहते आणि इथल्याच एका गुजराती माध्यमाच्या शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवते. नऊ वर्षं झाली. यंदा सातवीच्या वर्गात ५४ मुलं आहेत. दशांश अपूर्णांक मी मन लावून शिकवते. मुलं सुरुवातीला ४.८ पेक्षा ४.६३ मोठं म्हणतात, कारण ८ पेक्षा ६३ मोठे. म्हणून मी त्यांना एक युक्ती दिलीय : पॉइंटच्या पुढे जितके जास्त अंक, तितके तुकडे बारीक. मुलांना ती लगेच पटते. धडा संपल्यावर छोटी चाचणी घेतली, तर निम्म्याहून जास्त मुलांना पैकीच्या पैकी. आणि सत्र परीक्षेत तसल्याच प्रश्नात तीच मुलं आपटली. दर वर्षी हेच होतं. घरी कोणी अभ्यास घेत नाही, दोन आठवड्यांत सगळं विसरतात, असं आम्ही स्टाफरूममध्ये एकमेकींना सांगतो.

आता मुख्याध्यापकांनी प्रत्येकाला एक क्रियात्मक संशोधन, म्हणजे आपल्याच वर्गातली अडचण तपासून तिच्यावर उपाय करून बघणं, करून अहवाल द्यायला सांगितलंय. बरेच जण मोबाइलवर फिरणारी जुनी पीडीएफ घेऊन शाळेचं नाव बदलतात. एक सर म्हणाले, आकडे पाडा, टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांतला फरक तपासायची सांख्यिकी चाचणी) लावा, कोण बघतंय! मला खरंखुरं काही करायचंय, पण सुरुवात कुठून करू? आणि एवढं करून सुधारणा दिसलीच नाही तर अहवालात काय लिहू? चाचणीचा आणि सत्राच्या पेपरचा फोटो सोबत पाठवते. – एक बेन’

बेन,

सही वाचून हसू आलं. वडोदऱ्यातली मराठी शिक्षिका माहेरी ताई, आळीत वहिनी आणि शाळेत बेन. मीही एकतीस वर्षं बेन होते. निवृत्त झाले तरी भाजीवाला बेनच म्हणतो, त्यामुळे ते काही सुटलं नाही.

तुमचं पत्र मी एकदा वाचलं आणि प्रश्नपत्रिका चारदा. चाचणीतला पहिला प्रश्न : मोठी संख्या ओळखा. पाच जोड्या. ४.८ आणि ४.६३. ०.५ आणि ०.३६. ७.२ आणि ७.१५. ०.९ आणि ०.१२५. ६.४ आणि ६.३८. आता असं धरून चला की तुम्हाला दशांश अपूर्णांक अजिबात येत नाहीत. एकच गोष्ट ठाऊक आहे : पॉइंटच्या पुढे ज्याचे अंक कमी, ती संख्या मोठी. एवढ्यावर हा प्रश्न सोडवा. पाचही बरोबर येतात. पैकीच्या पैकी.

मग सत्राचा पेपर घ्या. तिथे ०.४५ आणि ०.३ आहेत, ०.३७५ आणि ०.२ आहेत. तेवढीच एक गोष्ट ठाऊक असलेलं मूल इथे ०.३ ला आणि ०.२ ला मोठं म्हणणार. दोन्ही चूक. म्हणजे मूल काही विसरलेलं नाही. त्यानं दोन्ही वेळेला तोच नियम इमानेइतबारे लावला. पहिल्या वेळी तुमच्या जोड्या त्याच्या नियमाला जुळल्या, दुसऱ्या वेळी जुळल्या नाहीत, इतकंच.

तुम्ही अशा जोड्या का निवडल्यात तेही समजतं. मुलं जास्त अंकांच्या संख्येला मोठं म्हणतात हे तुम्हाला माहीत होतं, म्हणून मुद्दाम तिथेच नेम धरून पाचही प्रश्न काढलेत. चांगली शिक्षिकाच असं करते. पण नेम एकाच बाजूला धरला, आणि मुलं दुसऱ्या बाजूनं निसटली.

पुढचं मनाला लावून घेऊ नका. हा उलटा नियम मुलांना बहुतेक तुमच्या युक्तीतूनच मिळाला असावा. युक्ती खोटी नाही. शतांशाचा तुकडा दशांशाच्या तुकड्यापेक्षा बारीक असतो, हे खरंच आहे. पण ०.४५ म्हणजे तसले पंचेचाळीस बारीक तुकडे, हा वाक्याचा उरलेला अर्धा भाग. तो तुम्ही सांगितलाही असेल. पोरांनी पहिला अर्धा भाग उचलला, कारण तो सोपा होता आणि त्यावर मार्क मिळत होते.

यात तुम्ही एकट्या नाही. १९८९ साली लॉरेन रेझनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका, इस्राएल आणि फ्रान्स या तीन देशांतल्या मुलांच्या अशाच चुका तपासल्या. त्यांना मुलांच्या डोक्यातले तीन नियम सापडले. एक, पॉइंटच्या पुढचा भाग साध्या पूर्ण संख्येसारखा वाचायचा. ६३ मोठे म्हणून ४.६३ मोठं. दोन, अंक जास्त म्हणजे तुकडे बारीक, म्हणून संख्या लहान. तीन, वागायचं पहिल्यासारखंच, फक्त पॉइंटनंतर लगेच शून्य आलं तर ती संख्या लहान धरायची. यातली मला सगळ्यात बोलकी वाटलेली गोष्ट म्हणजे दुसरा नियम अमेरिकेत आणि इस्राएलमध्ये सापडला, फ्रान्सच्या मुलांत मात्र फारसा नाही. फ्रान्समध्ये तेव्हा दशांश आधी आणि अपूर्णांक नंतर शिकवत. बाकी दोन ठिकाणी मुलं छेद मोठा तर तुकडा लहान हे शिकून मग दशांशाकडे येत आणि ते शहाणपण इथे चुकीच्या जागी चिकटवत. आपल्याकडेही अपूर्णांक आधीच येतात. मुलाची चूक कुठल्या तरी शिकवण्यातूनच उगवलेली असते, पुष्कळदा आपल्याच.

तुमच्या वर्गात कोणत्या नियमाची किती मुलं आहेत, ते इथे दांडिया बाजारात बसून मला सांगता यायचं नाही. ‘युक्तीमुळे नियम उलटा झाला’ हा अजून माझा नुसता संशय आहे. तो खरा की खोटा हे तुम्ही शोधायचं. अहवालाच्या नमुन्यात ज्याला परिकल्पना म्हणतात ना, ती तुम्हाला फुकटात मिळाली.

बी.एड.ला आपण सगळ्यांनी क्रियात्मक संशोधन घोकलेलं असतं : नियोजन, कृती, निरीक्षण, चिंतन, आणि पुन्हा नियोजन. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविननं १९४६ च्या सुमारास ही कल्पना मांडली ती समाजातल्या तंट्याबखेड्यांवर उपाय शोधण्यासाठी, आणि अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ स्टीफन कोरीनं १९५३ मध्ये ती शाळेच्या दारात आणली. कोरीचं म्हणणं साधं होतं. शिक्षकानं स्वतःच्या वर्गातला पुरावा स्वतः गोळा केला तर तो स्वतःचं वागणं बदलेल. दुसऱ्यानं लिहिलेला निष्कर्ष वाचून बदलेलच असं नाही. पण आपण ते चक्र परीक्षेपुरतं पाठ केलं, त्यामुळे मनात राहिलं ते असं की संशोधन म्हणजे नवा प्रयोग करायचा आणि तो यशस्वी झाला हे दाखवायचं. रंगीत तक्ते, शैक्षणिक रमत (खेळ), आधी चाचणी, मग चाचणी, मार्क वाढले, समाप्त. तुमच्या सहकाऱ्यांच्या पीडीएफमध्ये हेच असणार. न उघडता सांगते.

मी म्हणते, तुम्ही पहिले दोन आठवडे कसलाच उपाय करू नका. फक्त बघा.

पाठकोऱ्या कागदाच्या ५४ चिठ्ठ्या करा. प्रत्येकीवर चार जोड्या : ४.८ आणि ४.६३, ०.४५ आणि ०.३, ०.५ आणि ०.५०, २.०६ आणि २.५. मोठीला गोल करायचा, सारख्या वाटल्या तर मध्ये बरोबरीचं चिन्ह. आणि प्रत्येक जोडीखाली एक ओळ : ‘का?’ ती ओळ गुजरातीत लिहू देत, हिंदीत लिहू देत, घरच्या मराठीत लिहू देत. शुद्धलेखन बघायचं नाही. मार्क नाहीत हे आधी सांगा आणि खरंच देऊ नका. चिठ्ठीवर फक्त रोल नंबर.

घरी गेल्यावर जेवणं आटोपली की त्या चिठ्ठ्या जमिनीवर पसरा. लाल पेन दुसऱ्या खोलीत ठेवा. बरोबर-चूक असे दोन गठ्ठे करायचे नाहीत. चारही उत्तरं एकत्र वाचायची. ज्यानं ४.६३, ०.४५, ०.५० आणि २.०६ ला गोल केलाय, तो पॉइंटच्या पुढचं पूर्ण संख्येसारखं वाचतोय. ज्यानं ४.८, ०.३, ०.५ आणि २.५ ला केलाय, तो तुमच्या युक्तीवर चाललाय. पहिल्यासारखाच, पण शेवटच्या जोडीत २.५ निवडलेला, तो शून्यवाला. गंमत बघा : युक्तीवाल्याची पहिली आणि चौथी जोडी बरोबर आली, पूर्ण संख्यावाल्याची फक्त दुसरी. नेहमीच्या पद्धतीनं मार्क दिले तर एकाला चारपैकी दोन, दुसऱ्याला एक, आणि आपण म्हणणार, हा जरा बरा आहे. प्रत्यक्षात दोघांना दोन उलटे आजार आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर त्याचा आजार वाढतो. तुमच्या युक्तीनं पहिल्या गठ्ठ्यातली कितीतरी मुलं उचलून दुसऱ्या गठ्ठ्यात टाकली असतील, असं मला वाटतं.

काही चिठ्ठ्या कुठेच बसणार नाहीत. त्यांचा वेगळा गठ्ठा करा, आणि त्यातल्या तीन-चार मुलांना मधल्या सुट्टीत एकेकटं बोलवा. त्यांचीच चिठ्ठी समोर ठेवून विचारा, हे कसं काढलंस? मग गप्प बसा. हे सगळ्यात कठीण. पोरगं चुकीचं काही बोललं की आपली जीभ वळवळते. मी हाताची घडी घालून बसायचे, ती त्यासाठीच.

एक चिठ्ठी मला अजून आठवते. मी पुढची संख्या लिहायला दिली होती : ४.४, ४.५, ४.६, आणि मग रिकामी जागा. एका मुलानं ५.१ लिहिलं. मी काट मारली होती. त्याला बोलावून विचारलं तर तो माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागला की चूक माझीच. म्हणाला, ‘बेन, ओव्हर तो छ बॉलनी ज होय ने!’ षटक सहा चेंडूंचंच असतं. चार पॉइंट सहा म्हणजे पाच षटकं पुरी. पुढचा चेंडू पाच पॉइंट एक. त्याच्या जगातला पॉइंट मी फळ्यावर काढत होते तो नव्हताच. घरी येऊन मी बसून मोजलं, आपल्या मुलांना शाळेबाहेर किती तऱ्हेचे पॉइंट भेटतात. क्रिकेटमधला, जो सहावर संपतो. फळ्यावर ‘शाळा सुटेल १२.३०’ असं आपणच लिहितो तो, जो साठावर संपतो. दुकानातला साडेबारा रुपयांचा, जिथे पॉइंटच्या अलीकडे रुपये आणि पलीकडे पैसे, दोन्ही सुट्या पूर्ण संख्या. पहिले दोन दशांश चिन्ह नाहीतच. तिसरं आहे, पण त्यात कायम दोनच घरं असल्यामुळे ५ आणि ५० चा गोंधळ कधी उघडा पडत नाही. त्यात आपण वाचतो कसं? ०.३५ ला ‘पॉइंट पस्तीस’. एकदा पस्तीस म्हटलं की मुलाला पस्तीसच दिसणार. ‘पॉइंट तीन पाच’ म्हणायची सवय मी मला स्वतःला लावली, तीही निवृत्तीला सहा वर्षं उरली असताना.

आता जरा माझ्याच वर्गात या, म्हणजे तुम्ही मनाला लावून घेतलं असेल ते थोडं उतरेल. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तेव्हा इथल्या शिक्षणशास्त्राच्या मंडळींत नेड फ्लँडर्स या अमेरिकन संशोधकाच्या पद्धतीचा फार बोलबाला होता. वर्गात दर तीन सेकंदांनी खूण करायची, कोण बोलतंय, शिक्षक, विद्यार्थी की शांतता. शिक्षकाच्या बोलण्याचे सात प्रकार, मुलांचे दोन, शांततेचा एक. फ्लँडर्सचा दोन-तृतीयांशाचा नियम प्रसिद्ध आहे. वर्गाचा दोन-तृतीयांश वेळ बोलण्यात जातो आणि त्यातलं दोन-तृतीयांश बोलणं शिक्षकाचं असतं. मला तेव्हा वाटलं, असतील असे शिक्षक. माझा वर्ग तर बोलका आहे.

घरच्या टेपरेकॉर्डरमध्ये कोरी कॅसेट घालून मी तो टेबलावर फायलींच्या आड ठेवला. रात्री पोरं झोपल्यावर ऐकायला बसले. पहिली पाच मिनिटं स्वतःचा आवाज सहन होत नव्हता. मग लक्षात आलं, की मी दर दोन-तीन मिनिटांनी ‘समज पडी?’ असं विचारते, वर्ग एका सुरात ‘हा बेन’ म्हणतो, आणि त्या ‘हा बेन’च्या शेवटच्या अक्षरावरच माझं पुढचं वाक्य सुरू होतं. ऐकायला थांबलेच नव्हते मी. आणि जे खरे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं तीनच आवाजांत येत होती. तिन्ही आवाज मला ओळखू आले. तिन्ही पहिल्या बाकावरचे.

मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी हे घड्याळ लावून मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असं त्यांना दिसलं. ते थांबणं तीन सेकंद किंवा त्याहून जास्त केलं तर उत्तरं लांब होतात, ‘माहीत नाही’ कमी होतं, एरवी तोंड न उघडणारी मुलं उघडतात. तीन सेकंद म्हणजे काय ते एकदा वर्गात उभं राहून बघा. मला तर घाम फुटला होता. मी मनात एक-दोन-तीन मोजायचे, आणि दोनवरच घसरायचे.

तुमच्या हातात मोबाइल आहे. एक तास रेकॉर्ड करा, फक्त आवाज, तोही फक्त स्वतः ऐकण्यासाठी. कोणाला पाठवायचा नाही, गटावर टाकायचा नाही, ऐकून झाला की पुसून टाकायचा. ‘समजलं का’ किती वेळा येतं ते काडी-काडीनं मोजा. माझ्यापेक्षा कमी आलं तर कळवू नका.

सहकारी शिक्षिकेला वर्गात बसवायचं असेल तर बसवा, पण तिला ‘कसा झाला पाठ’ असं विचारू नका. ती छान झाला म्हणणार. बाकांचा नकाशा तिच्या हातात द्या आणि जो बोलला त्याच्या जागेवर टिंब द्यायला सांगा. बस.

रोजची चिंतन-डायरी लिहा असं प्रशिक्षणात सांगतात. नव्या शैक्षणिक धोरणानं, म्हणजे २०२० च्या, वर्षाला किमान पन्नास तास शिक्षकाच्या स्वतःच्या शिकण्यासाठी म्हटलेत, आणि त्यातले बरेच तास आपण मोबाइलवर व्हिडिओ पुढे ढकलत घालवतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. रोज पानभर चिंतन कोणाच्यानं होत नाही. तुमच्या दैनिक नोंधपोथीच्या मागच्या पानावर दोन ओळी लिहा, त्याही फक्त ज्या दिवशी कशाचं तरी आश्चर्य वाटलं त्या दिवशी. ‘रोल नं. २३ : ०.५० मोठं, कारण पन्नास पैसे.’ इतकंच. अमेरिकन विचारवंत डोनाल्ड शॉननं १९८३ मध्ये वास्तुविशारद, अभियंते, मानसोपचारतज्ज्ञ अशा जाणत्या व्यावसायिकांबद्दल जे मांडलं, त्याचा गाभा तोच आहे : काम अडखळतं तिथेच माणूस विचार करतो, करता करताही आणि करून झाल्यावरही. सुरळीत गेलेल्या तासाबद्दल लिहायला काही नसतं.

दोन आठवड्यांनी उपायाकडे या. सगळ्यात आधी ती युक्ती फळ्यावरून उतरवा. मुलांसमोर सांगा, की मी सांगितलेलं अर्धंच होतं, चला उरलेलं बघू. मुलांना शिक्षकाची चूक फार आवडते. तो तास ती विसरत नाहीत. मग वजनकाटा. किराणावाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर पॉइंटच्या पुढे तीन घरं दिसतात. पाव किलो तूरडाळ ०.२५०, अर्धा किलो ०.५००, आणि वहीत आपण लिहितो ०.५. पूर्ण संख्यावाला ०.२५० मोठं म्हणेल आणि स्वतःच थबकेल, कारण पाव आणि अर्धा त्याला आईच्या पिशवीतून माहीत आहे. युक्तीवाल्याला ०.७५० आणि ०.५ विचारा. त्याचा नियम ०.५ म्हणणार, आणि त्याचं पोट पोणो (पाऊण) किलो म्हणणार. माझे वडील पावकी, निमकी, पाऊणकी घडाघड म्हणायचे. आता त्या पाढ्यांचं नाव घेतलं तर मुलं हसतात, पण पा, अडधो, पोणो, सवा, दोढ हे तुमच्या वर्गातल्या प्रत्येक घरात अजून बोललं जातं. ते तयार पडलेलं ज्ञान आहे, त्यावर दशांश बांधा.

पूर्ण संख्यावाल्यांसाठी शिंप्याची टेप आणखी बरी. एक मीटरची पट्टी, दहा भाग, मग शंभर. ०.३ मीटर कुठे, ०.४५ कुठे, बोट ठेवून दाखव. हे इथेच आवरतं घेते, टेप तुम्हाला माझ्याहून चांगली वापरता येईल.

एका गोष्टीपासून मात्र सांभाळा. बरेच शिक्षक म्हणतात, शून्य लावून अंक सारखे करा : ०.३० आणि ०.४५, झालं. उत्तरं पटापट बरोबर येतील आणि तुमचा आलेख सुंदर चढेल. पण मूल पुन्हा तीस आणि पंचेचाळीस या पूर्ण संख्याच बघतंय. ०.३ आणि ०.३० सारखे का, हे त्याला तुकड्यांवरून सांगता येत नसेल, तर तुम्ही एक युक्ती काढून दुसरी बसवलीत.

आता अहवाल. तुमच्या सरांना नमस्कार सांगा आणि टी-टेस्ट त्यांनाच ठेवायला सांगा. एका वर्गातल्या ५४ मुलांवरून तुम्ही राज्याबद्दल काही सिद्ध करायला निघालेल्या नाही. ‘५७.४१ टक्के विद्यार्थ्यांत सुधारणा’ असंही लिहू नका. ५४ पैकी ३१ असं लिहा. माणसांचे दशांश करून आपलाच धडा वाया का घालवायचा! त्याऐवजी एक साधा तक्ता : डावीकडे रोल नंबर, मग पहिल्या चिठ्ठीत मूल कोणत्या गठ्ठ्यात होतं, उपायानंतर कोणत्या गठ्ठ्यात गेलं, आणि महिन्यानं कोणत्या. तिसरा रकाना सोडू नका. उपाय झाल्या झाल्या घेतलेली चाचणी सगळ्यांचीच चांगली जाते. आणि दर वेळी जोड्या बदला, नाहीतर मुलं जोडीच पाठ करतात. मुलांची नावं अहवालात नकोत, ‘हुशार’, ‘मंद’ हे शब्दही नकोत.

अर्ध्या वर्गाला शिकवायचं आणि अर्ध्याला तुलनेसाठी तसंच ठेवायचं, असं कोणी सुचवेल. नको. तुमची तुलना तुमच्याच मागच्या महिन्याशी आहे.

सुधारणा दिसली नाही तर काय लिहू, हा तुमचा खरा प्रश्न, बाकीचं पत्र त्याच्याभोवती आहे. तेच लिहा. ‘युक्ती काढून टाकली, वजनकाटा वापरला, पूर्ण संख्यावाली अमुक मुलं हलली, युक्तीवाली हलली नाहीत, असं का झालं असावं याचा माझा अंदाज असा.’ आजवर कितीतरी अहवाल माझ्या हाताखालून गेले, आणि त्यातल्या बहुतेकांत सगळ्यांचं सगळं सुधारलेलं असायचं. तसला अहवाल हातात आला की मी शेवटून वाचायला सुरुवात करायचे. अपयश लिहिलेला एखादाच सापडायचा, आणि तो दुसऱ्या शिक्षकाच्या उपयोगी पडायचा. मुख्याध्यापक नाराज होतील अशी धास्ती असेल तर आधीच जाऊन बसा त्यांच्यासमोर. दोन्ही प्रश्नपत्रिका शेजारी शेजारी ठेवा आणि त्यांना ती पाच जोड्यांची गंमत करून बघायला सांगा. शीर्षक, समस्या-विधान, न्यादर्श (म्हणजे तपासलेली मुलं) हे सगळं त्यांच्या नमुन्याप्रमाणे भरा. त्या चौकटींशी भांडण्यात आयुष्य घालवू नका. चौकटीत काय भरायचं ते तुमच्या हातात आहे.

आणि ‘कोण बघतंय’ याबद्दल. ज्या गावात तुम्ही शिकवता, तिथे सयाजीराव महाराजांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण एका फटक्यात लागू केलं नाही. १८९३ मध्ये आधी अमरेली भागात करून बघितलं, काय अडतं ते पाहिलं, आणि मग १९०६ मध्ये सगळ्या राज्यात आणलं. मध्ये तेरा वर्षं गेली. देशभरातल्या शैक्षणिक संशोधनाचा पहिला मोठा आढावा १९७४ साली निघाला तोही बडोद्याच्या विद्यापीठातून, डॉ. एम. बी. बुच यांच्या संपादनाखाली. त्या जाड खंडात शिरा असं मी म्हणणार नाही. पण या गावात असल्या कामाकडे बघणारी माणसं नव्हती, असं निदान तुमच्या सरांनी म्हणू नये.

चिठ्ठ्या येत्या सोमवारीच घ्या. शनिवारी घेऊ नका, अर्ध्या दिवसाच्या शाळेत मुलं दाराकडे बघून गोल करतात. गठ्ठे झाले की आकडे नकोत, मला फक्त चौथ्या जोडीखालच्या ‘का?’च्या ओळी पाठवा, मुलांनी लिहिल्यात तशाच, गुजरातीतल्या गुजरातीत. शून्यवाली मुलं काय कारण देतात, ते मला स्वतःला अजून नीट उलगडलेलं नाही.

– तुमची बाई